म्हशीला घालू नको, एवढंच म्हटलं

माझी वैनी गेली त्याला तीन वर्षं होत आली. कुणी विचारलं तर आम्ही कावीळ झाली होती असं सांगतो. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. आणि पुरतं खरं काय ते सगळ्यांत आधी मला कळायला हवं होतं, कारण ते कळणं हेच माझं काम आहे.

मी बीदरला एका छोट्या खासगी प्रयोगशाळेत नमुने तपासते. मका, पेंड, सोयाबीन, कोंबड्यांचं खाद्य. दिवसभरात जे काही तपासते त्यातलं निम्मं एकाच बुरशीपायी असतं. तिचं शास्त्रीय नाव ॲस्परजिलस फ्लेव्हस. दिसायला हिरवट पिवळी भुकटी, हळदीत शेवाळ कुटून मिसळल्यासारखी. ओल्या मक्यावर, शेंगदाण्यावर, सरकीवर ती धरते आणि दाण्यात विष सोडते. त्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. बुरशी झटकून टाकली, दाणे धुतले, उन्हात वाळवले तरी ते दाण्यातच राहतं. तव्यावर भाजलं तरी राहतं. हे मी खाद्याच्या कारखान्यातून आलेल्या माणसांना दिवसातून चारदा सांगते. माझ्या घरी मात्र कधी सांगितलं नव्हतं. घरच्यांना काय सांगायचं, असं वाटायचं.

घर म्हणजे औराद तालुक्यातलं आमचं गाव, चिंताकीच्या पुढं. तिथं माझा मोठा भाऊ, अण्णा, शेती करतो. त्याची बायको म्हणजे माझी वैनी, त्यांची एक मुलगी, आणि आमचे वडील, अप्पा. आई फार पूर्वी गेली. वैनी लग्न होऊन आली तेव्हा मी नववीत होते. माझी शाळा सुटू नये म्हणून तिनं माझ्या वाटचं घरकाम ओढलं आणि त्याचा उल्लेख कधी केला नाही. ती फार बोलायची नाही. एखादी गोष्ट वाया जाताना बघितली की मात्र तिचा जीव खालीवर व्हायचा. ताटात भाताची चार शितं राहिली तरी ती बोटानं गोळा करून खायची.

त्या वर्षी अण्णानं दीड एकर मका लावला. कणसं चांगली भरली. कापणी अर्ध्यावर आली आणि पाऊस लागला, तो तीन आठवडे हटला नाही. कापलेली कणसं ताडपत्रीखाली ढीग लावून ठेवली होती. अण्णा सांगत होता, ढिगात हात घातला की आतून गरम वाफ यायची. ऊन पडल्यावर त्यांनी ती पसरली, वाळवली, मळून घेतली. औरादच्या व्यापाऱ्यानं मूठभर दाणे हातात घेतले, वास घेतला आणि पुन्हा पोत्यात टाकले. वरवरची चांगली पोती तेवढी त्यानं उचलली. उरलेली दहा-बारा पोती पत्र्याच्या खोलीत आली.

ती म्हशींना घालायची असं ठरलं. दोन म्हशी होत्या.

एका रविवारी अण्णाचा फोन आला. तो दर रविवारी करायचाच.

"थोरली म्हैस खाईना गेलीय," तो म्हणाला. "वैरण हुंगायलीय अन् तोंड फिरवायलीय. दूध निम्म्यावर आलंय. कामून असं करायलीय, काय कळंना."

"काय घालायलाव तिला?"

"मका भरडून. तोच, भिजलेला."

मी त्याला बुरशीचं विचारलं. आहे म्हणाला, थोडी, हिरवट. मी म्हटलं, "तो मका म्हशीला घालू नको. दोन किलो पिशवीत भरून बसनं पाठवून दे. मी तपासून सांगते. तवर म्हशीला नको."

म्हशीला नको. मी दोनदा म्हटलं. हे वाक्य मी तेव्हापासून किती वेळा मनात फिरवून बघितलंय सांगता येणार नाही. त्यात चूक काहीच नव्हती. जे विचारलं होतं त्याचं उत्तर मी दिलं होतं.

बुधवारी कंडक्टरनं पिशवी आणून दिली. खताच्या गोणीतून कापून शिवलेली जाड पिशवी, आत दाणे, तोंड सुतळीनं बांधलेलं. मी तिच्यावर "घरचं" असं लिहून कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर ठेवली. ते आमच्या धावपळीचे दिवस. पावसात भिजलेला मका सगळीकडचाच होता, कारखान्यांचे नमुने रोज पोत्यानं यायचे आणि त्यांचे रिपोर्ट त्याच दिवशी जायला लागायचे. घरचं आपलंच आहे, उद्या करू, असं म्हटलं. आठवड्यानं अण्णाचा फोन आला.

"म्हैस लागली खायला," तो म्हणाला. आवाजात आनंद होता. "तुझं औषध लागू पडलं की."

मीही हसले. म्हैस बरी झाली म्हणजे मक्यातच दोष होता हे तर सिद्ध झालं. आता तपासायचं काय राहिलं? मग दिवाळीची सुट्टी लागली, मी सासरी चिटगुप्प्याला गेले. परत आले तर दळायचं यंत्र बिघडलेलं. ते दुरुस्त झालं. पिशवी तिथंच होती. खाली वाकलं की दिसायची. अर्ध्या तासाचं काम होतं.

गावात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं, तुकड्यातुकड्यानं, वैनीकडून, अण्णाकडून, भाचीकडून. म्हशीला मका बंद झाल्यावर अण्णा म्हणाला, फेकून देऊ. वैनीला ते पटेना. घरातली जुनी जवारी सरत आली होती, नवी यायला फाल्गुन उजाडणार होता. तिनं रोज दुपारी पत्र्याच्या खोलीत बसून मका पाखडला. हिरवे, काळे, फुटके दाणे बाजूला काढले. उरलेला तीन पाण्यांनी धुतला, माळवदावर वाळवला, थोडी जवारी मिसळून दळून आणला. ती भाकर तिनं आणि अप्पांनी खाल्ली. अण्णाला मक्यानं जळजळ होते, म्हणून त्याच्यासाठी निव्वळ जवारीची वेगळी. भाचीला भाकर आवडत नाही, ती रेशनच्या तांदळाचा भात खायची. अप्पा एकदाच, सकाळी, अर्धी भाकर दुधात कुस्करून खायचे. वैनी दोन वेळा खायची, आणि सकाळची उरलेली शिळी असेल तर मध्येही. त्यातूनही उरलेली कुत्र्याला.

अप्पांनी त्या भाकरीला नाव ठेवलं नाही. ठेवणार नाहीत हे मला माहीत आहे. लहानपणी आम्ही भाकर जरा करपली म्हणून तोंड वाकडं केलं की ते आम्हाला पेवाची गोष्ट सांगायचे. पेव म्हणजे जमिनीत खणलेली धान्याची खोल विहीर, आतून कडब्यानं अस्तर केलेली. मोठ्या शेतकऱ्यांकडं असायची. अप्पांचे वडील आणि चुलते अशा एका पेवावर मजुरी करायचे. पेव उघडलं की मधली पांढरी जवारी मालकाच्या घरी जायची. कडेची, ओल लागून काळी पडलेली, गोळे झालेली जवारी आमच्या माणसांना मजुरी म्हणून मिळायची. तिची भाकर कडू लागायची आणि खाल्ल्यावर डोकं गरगरायचं. "ती खाऊनच वाढलोत आम्ही," अप्पा म्हणायचे, "काय झालं? मेलोत का?" त्यांना सहा भावंडं होती. त्यातली दोन मोठी झाली. बाकीची कशानं गेली हे कुणी लिहून ठेवलेलं नाही आणि अप्पांनी तो हिशेब कधी त्या भाकरीशी जोडला नाही. लहानपणी मीही जोडला नव्हता.

आधी कुत्रं आजारी पडलं. भाचीनं मला फोन केला.

"आत्या, कुत्रं काहीच खाईना गेलंय. पोट फुगलंय त्याचं, डोळे पिवळे दिसायलेत."

"बाहेर काहीतरी खाल्लं असंल," मी म्हटलं. "गुरांच्या डॉक्टरला दाखवा."

कुत्री या विषाला माणसाच्या आधी बळी पडतात हे मी शिकले होते. परीक्षेत लिहिलंही होतं. फोन ठेवताना मला ते आठवलं नाही. कुत्रं दोन दिवसांनी मेलं.

त्यानंतर आठ-नऊ दिवसांनी अण्णाचा फोन आला. मंगळवार होता. तो रविवारी फोन करतो, त्यामुळं नाव बघूनच मी उठून बाहेर गेले.

"अप्पांचे डोळे पिवळे झालेत," तो म्हणाला. "तुझ्या वैनीचेबी. ती चार दिवस झाले ओकायलीय. पायावर सूज आलीय."

"चार दिवस? दवाखान्यात न्हाई नेलंव?"

"देगलूरकडं एक माणूस काविळीचं औषध देतो, तिथं नेलं होतं. ताकातून मुळी दिलीय. पथ्य कडक सांगितलंय. तेल न्हाई, मीठ न्हाई. नुसती कोरडी भाकर अन् ताक."

मी विचारलं, "कशाची भाकर?"

त्याला माझा बदललेला आवाज कळला असावा.

"मक्याची," तो म्हणाला.

"कुठला मका?"

"घरचाच. तूच म्हणलीस की म्हशीला घालू नको. मग एवढा मका काय टाकून द्यायचा होता? तिनं निवडून, धुऊन घेतलाय."

मी त्याला म्हटलं, भाकर आत्ताच्या आत्ता बंद कर, पीठ घरात ठेवू नको, गाडी कर आणि दोघांना बीदरला घेऊन ये. "व्हय," तो म्हणाला, कामून म्हणून विचारलं नाही.

मी आत आले आणि कपाट उघडलं. पिशवी सोडली तर आतून धूर निघाल्यासारखी हिरवी भुकटी वर आली. महिनाभर बंद राहून बुरशी पिशवीतच वाढली होती. मी तोंडाला रुमाल बांधला, मूठभर दाणे फोडून काळ्या कागदावर पसरले आणि अंधाऱ्या पेटीत निळ्या दिव्याखाली ठेवले. दूषित मक्याचे फुटके दाणे त्या उजेडात हिरवट पिवळे चमकतात. कारखान्याच्या नमुन्यात असे पाच-सहा ठिपके दिसले तरी आम्ही तो बाजूला काढतो. इथं मला मोजता येईनात.

मग पट्टीची चाचणी केली. दाणे दळून अर्क काढायचा, त्यात कागदाची पट्टी बुडवायची आणि थांबायचं. विष कमी असेल तर पट्टीवर दोन रेघा येतात. प्रमाणाबाहेर असेल तर दुसरी रेघ येत नाही. ती आली नाही. मी अर्क दहापट पातळ केला, दुसरी पट्टी बुडवली. आली नाही. तिसऱ्यांदा आणखी पातळ केला. मी पट्टी खिडकीशी धरली, तिरकी केली, चष्मा काढून बघितली. आमच्या साहेबांनी मागं येऊन विचारलं, "कुठल्या कारखान्याचं आहे हे?" मी म्हटलं, "घरचं."

संध्याकाळच्या आत अण्णा दोघांना घेऊन बीदरच्या दवाखान्यात आला. अप्पांना पुरुषांच्या वॉर्डात ठेवलं, वैनीला दोन मजले वर. डॉक्टर तरुण होता. काविळीच्या नेहमीच्या सगळ्या तपासण्या त्यानं केल्या, त्या निगेटिव्ह आल्या. मी त्याला पट्ट्यांचे फोटो दाखवले. त्यानं नीट ऐकून घेतलं, दोन-तीन प्रश्न विचारले आणि कागदावर ते नाव लिहून त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह टाकलं. "तुम्ही म्हणता ते शक्य आहे," तो म्हणाला. "पण त्याला उतारा नाही. लिव्हर किती शाबूत आहे त्यावर सगळं आहे." हैदराबादला हलवायचं का, असं अण्णानं विचारलं. प्रवास सोसणार नाही, रक्त गोठत नाहीय, असं तो म्हणाला.

अप्पा तिसऱ्या दिवशी भात मागू लागले. त्यांची कावीळ हळूहळू उतरत होती. वैनीचं पोट मात्र पाण्यानं भरत चाललं होतं. तिचे हात काड्यांसारखे आणि पोट दिवस भरलेल्या बाईसारखं. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं तिला कितवा महिना म्हणून विचारलं. वैनी नुसती हसली.

पाचव्या-सहाव्या दिवशी दुपारी ती शुद्धीवर होती, बोलत होती. अण्णा औषधं आणायला खाली गेला होता. मी तिचे पाय चेपत होते. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा.

"अक्का," ती म्हणाली. मी तिच्याहून लहान, पण नवऱ्याची बहीण म्हणून ती मला अक्काच म्हणायची. "त्या मक्यानंच झालंय का हे?"

मी तिच्या पायावरचं पांघरूण सरळ केलं.

"मी तीन पाण्यानं धुतला होता. एकेक दाणा निवडला होता."

"व्हय वैनी. पण ते धुऊन जात न्हाई. भाजून पण जात न्हाई."

तिनं छताकडं बघितलं. मला वाटलं, आता ती मला विचारेल की मग तू आधी का सांगितलं नाहीस. मी त्याची वाट बघत होते. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

"मामांना मीच वाढलं की," ती म्हणाली. अप्पांना ती मामा म्हणायची. "रोज, माझ्या हातानं. त्यांना नको सांगू. ते बरे होऊ द्या."

"न्हाई सांगत."

"ह्यांनाबी नको."

त्यावर मी काही बोलले नाही, कारण अण्णाला ते आधीच माहीत होतं. तिनं माझं मौन होकार म्हणून घेतलं असावं. थोड्या वेळानं तिनं भाचीचं विचारलं, दहावीचा अर्ज भरला का, फोटो काढला का. काढला म्हटल्यावर डोळे मिटले.

नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तिला रक्ताची उलटी झाली. मग दुसरी. नर्सनं पडदा ओढला. मी आणि अण्णा बाहेर बाकावर बसलो होतो. भिंतीवर लसीकरणाचं कानडी पोस्टर होतं, अण्णा ते मोठ्यानं एकेक अक्षर लावत वाचत होता. त्याला कानडी चांगलं वाचता येतं, तरी तो तसं वाचत होता. डॉक्टर बाहेर आला तेव्हा तो मधल्या ओळीवर होता. वैनी बेचाळीस वर्षांची होती.

अप्पांना दुसऱ्या दिवशी सांगितलं, गावी आणल्यावर, अंगणात. ते खाली बसले आणि म्हणाले, "मी हाय की अजून." एवढंच. विहारातल्या लोकांनी बुद्धवंदना घेतली, त्रिशरण म्हटलं. तिच्या माहेरची माणसं आली. तिच्या भावानं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "नेमकं काय झालं हो?" मी म्हटलं, "लिव्हर." तो मान हलवत राहिला. दारू न पिणाऱ्या बाईचं लिव्हर कसं जातं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

चौथ्या दिवशी मी आणि अण्णा पत्र्याच्या खोलीत गेलो. सात पोती शिल्लक होती, एका कोपऱ्यात वैनीनं निवडून काढलेल्या खराब दाण्यांचा ढीग, त्यावर तिचं सूप पालथं. पोत्यातला मका धड जळत नाही, म्हणून शेताच्या कडेला खड्डा खणून पुरायचं ठरवलं. गल्लीतली एक बाई, तिच्या तीन शेळ्या होत्या, आम्ही पोती गाडीवर चढवताना बघत उभी राहिली.

"पुरायलाव का?" ती म्हणाली. "दोन पोती मला द्या की. शेळ्यांना घालते."

"न्हाई देत," अण्णा म्हणाला. "इख हाय त्यात."

"इख कशाचं? तुमच्या म्हशी तर चांगल्या हायत."

अण्णानं पुढचं पोतं उचललं. तिला ते मिजाशीचं वाटलं असणार. मी तिला थांबवून समजावलं, बुरशी, विष, कुत्रं, सगळं. ती ऐकत होती, पण नजर पोत्यांवर होती. दाणे वरून पिवळेधमक दिसत होते.

खड्डा आम्ही दोघांनीच खणला. अर्ध्यावर आल्यावर अण्णानं विचारलं, "ती पिशवी तुला कवा मिळाली होती?"

मी सांगितलं. कुठल्या बुधवारी मिळाली, कुठं ठेवली, कधी उघडली. काही लपवलं नाही, कारणंही दिली नाहीत. तो टिकाव हातात धरून उभा राहिला. माझ्याकडं बघितलं नाही. मग तो पुन्हा खणू लागला आणि खड्डा पुरा होईपर्यंत थांबला नाही. आम्ही पोती ओतली, वर माती टाकली, पायांनी दाबली.

त्या गोष्टीवर तो आजवर एक शब्द बोललेला नाही. रविवारचा फोन त्यानंतर, बीदरला शिकायला येईपर्यंत, भाची करायची. "बाबा शेतात गेलेत," असं सांगायची. कधी कधी मागं त्याचा खोकला ऐकू यायचा.

मका पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेताकडं गेलेला एक माणूस सांगत आला की तुमचा खड्डा कुणीतरी उकरलाय. आम्ही धावत गेलो. माती बाजूला फेकलेली, मका वरच्या थरातून काढून नेलेला, दोन पोती तरी असावा. वाटेवर दाणे सांडले होते, ते गावाच्या दिशेनं जात होते आणि पाराजवळ, जिथं वाटा फुटतात, तिथं दिसेनासे झाले होते.

अण्णा त्या शेळ्यांवाल्या बाईच्या दारात गेला. तिनं घर उघडून दाखवलं. मडकी, डबे, शेळ्यांची दावण. काही नव्हतं. ती रडू लागली. "मागितलं म्हणून चोर ठरवायलाव का मला?" अण्णा मान खाली घालून परतला. संध्याकाळी भाचीनं विहाराच्या भोंग्यावरून सांगितलं. कागदावर मीच लिहून दिलं होतं, पण ती कागदाकडं न बघता बोलली. "ज्यांनी कुणी आमच्या शेतातला मका नेला असंल त्यांनी तो खाऊ नका, जनावरांना घालू नका. माझी आई त्यानं मेली. रात्रीतून आणून टाका. कुणाचं नाव विचारणार न्हाई." आवाज सपाट होता. दोनदा म्हटलं आणि भोंगा बंद केला.

सकाळी खड्ड्याच्या काठावर एक पोतं उभं होतं, साधारण अर्धं भरलेलं, तोंड बांधलेलं. बाकीचा मका परत आला नाही. आम्ही पोतं ओतलं, चुना आणून वर पसरला, अण्णानं कीटकनाशकाची बाटली त्यावर रिकामी केली आणि पुन्हा माती ओढली. त्याला आता कुणी हात लावणार नव्हतं.

मी आणखी चार दिवस गावात राहिले. घरोघरी जाऊन सांगितलं. लोकांनी चहा दिला, वैनीबद्दल चांगलं बोलले. आमच्या घरी नाही तसला मका, असं प्रत्येकानं सांगितलं. एका घरी चुलीवर भाकर चालू होती. मी आत बघायचा प्रयत्न केला तर सुनेनं परातीवर फडकं टाकलं. कदाचित ती माशा बसू नयेत म्हणून टाकत असेल.

अप्पा अजून आहेत. अण्णानं घरात मका आणणं बंद केलंय, शेतात तूर आणि सोयाबीन लावतो. अप्पा भात खातात, तो त्यांना आवडत नाही. भाकर का बंद झाली हे त्यांनी एकदाही विचारलं नाही, म्हणून मला वाटतं त्यांना माहीत आहे. भाची आता बीदरला नर्सिंगला आहे, शनिवारी माझ्याकडं येते. स्वयंपाकघरात आली की ती पिठाचा डबा उघडून नाकाशी धरते. त्याला वास नसतो हे मी तिला सांगितलंय. तरी धरते.

त्या वर्षी माघात आमच्या गल्लीतली एक म्हातारी गेली. पंचाहत्तरीची होती, वय झालं होतं असं सगळे म्हणाले. माती द्यायला अण्णा गेला होता. तिचे डोळे कसे होते, शेवटी काय खात होती, हे मी त्याला विचारणार होते. विचारलं नाही.